६५० पौंडांचा 'डॉक्टर नो' आणि बाबांचा ज्वालामुखी

सिनेमाच्या पोस्टरांबद्दल एका वाचकाचं पत्र आलंय, ते असं आहे:

"ताई, नमस्कार. मी मूळचा साताऱ्याचा, गेली १५ वर्षं इंग्लंडमधे रेडिंगला आहे, वय ४४. माझे बाबा एसटीत होते. पुण्यात शिकत असताना त्यांनी कॅम्पातल्या एका थिएटरात बाँडचा 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस' पाहिला होता आणि त्यातला तो ज्वालामुखीच्या पोटातला अड्डा ते आम्हाला लाइट गेले की गोष्टीसारखा सांगायचे, छप्पर कसं सरकतं, रॉकेट कसं उतरतं, सगळं हातवारे करून. मागच्या वर्षी बाबा गेले. मार्चमधे इथल्या एका कलेक्टर्स फेअरमधे मला त्याच सिनेमाचं ब्रिटिश क्वाड, म्हणजे थिएटरवर लावायचं मोठं आडवं पोस्टर, दिसलं, ज्वालामुखीवालं, घड्या पडलेलं, मागून सेलोटेप लावलेलं, ते मी ३८० पौंडांना घेतलं. बायकोला सांगितलं की ही इन्व्हेस्टमेंट आहे. ती म्हणाली मग पावती दाखव, आणि पावती मी घेतलेलीच नाही. आता ऑनलाइन एक जण बाँडच्याच 'डॉक्टर नो'चं ओरिजिनल क्वाड ६५० पौंडांना देतोय. म्हणतो एका जुन्या थिएटरच्या ऑपरेटरच्या लॉफ्टमधे, म्हणजे माळ्यावर, सापडलं, कायम गुंडाळून ठेवलेलं, कधी घडी घातलेली नाही. मला फोटोत घडीच्या फिकट रेषा दिसल्यासारख्या वाटल्या पण तो म्हणाला सावली आहे. पैसे बँक ट्रान्सफरनेच हवेत आणि रविवारपर्यंत. घेऊ का? पहिल्या पोस्टरचे सेलोटेप काढून लॅमिनेट करून टाकू का? आणि बायकोला काय सांगू?"

आधी रविवारचं बघू, कारण त्याला वेळ कमी आहे. घेऊ नका.

तुमच्या डोळ्यांनी बरोबर पकडलंय, फक्त तुम्ही डोळ्यांवर विश्वास न ठेवता त्याच्यावर ठेवलात. हे बघा, 'डॉक्टर नो' लंडनला ऑक्टोबर १९६२ मधे लागला आणि त्या काळात ब्रिटनमधली क्वाड घडी घालूनच थिएटरांकडे जायची, हा प्रकार जवळजवळ ऐंशीच्या दशकापर्यंत चालू होता, त्यामुळे ६२ सालचं कधीच घडी न घातलेलं क्वाड म्हणजे फार म्हणजे फारच दुर्मिळ गोष्ट, आणि ज्याच्याकडे ते खरंच असेल तो ते ६५० ला विकत नाही, तो लिलावाच्या कंपनीला फोन करतो. पहिल्या रिलीजचं 'डॉक्टर नो' क्वाड लिलावात हजारो पौंडांना जातं. बरं, घडी नाही म्हणतोय आणि घडीच्या रेषा तर दिसतायत. मग त्या आल्या कुठून? तर कोणीतरी एका खऱ्या, घड्या असलेल्या पोस्टरचा फोटो काढला किंवा ते स्कॅन केलं आणि नवीन कागदावर छापलं, त्यात घड्यासुद्धा छापल्या गेल्या. खरी घडी बोटाला लागते, तिथली शाई उडालेली असते, कडेला कागदाचा पांढरा तंतू दिसतो आणि पोस्टर उलटं केलं तर मागेही तीच रेघ असते. छापलेली घडी नुसती रंगाची रेघ असते, बोट फिरवलं तर गुळगुळीत आणि मागून कागद कोरा.

आणि समजा, समजाच, माझा अंदाज चुकला आणि पोस्टर खरं निघालं, तरी बँक ट्रान्सफर करू नका. तुम्ही इथे १५ वर्षं आहात तर हे माहीत असेलच पण उत्साहात विसरायला होतं: दुकानदाराकडून १०० पौंडांच्या वरची आणि ३०,००० पर्यंतची वस्तू क्रेडिट कार्डावर घेतली तर १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट कायद्याच्या कलम ७५ खाली कार्ड कंपनीही जबाबदार असते, ऑनलाइन व्यापाऱ्याकडून घेतलं तर साधारणपणे १४ दिवसांत परत करता येतं. हे खाजगी विकणाऱ्याला लागू नाही, आणि ट्रान्सफर केलेल्या पैशामागे धावणं काय असतं ते ज्याने केलंय त्याला विचारा. रविवारची मुदत ही तुम्हाला विचार करायला वेळ मिळू नये म्हणून आहे. साठाहून जास्त वर्षं टिकलेला कागद सोमवारीही टिकेल.

त्याला एक मेसेज मात्र पाठवा, वाद न घालता. चारी कडांची टेपने मोजलेली मापं, मागच्या बाजूचा पूर्ण फोटो, खालच्या पांढऱ्या पट्टीचा जवळून फोटो, आणि खोलीतले दिवे बंद करून एका बाजूने टॉर्च आडवी धरून काढलेला फोटो. खरा विकणारा हे दहा मिनिटांत देतो, खूष होऊन देतो, कारण त्यालाही माहीत असतं की विचारणारा माणूस जाणकार आहे. न देणाऱ्याशी बोलणं तिथेच संपवा.

मापाचं सांगते कारण सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी हत्यार म्हणजे मोजायची टेप. क्वाड म्हणजे क्वाड क्राऊन. क्राऊन हा इंग्रजी कागदाचा जुना आकार, १५ बाय २० इंच, त्याच्या दुप्पट २० बाय ३० म्हणजे डबल क्राऊन आणि चौपट ३० बाय ४० म्हणजे क्वाड. ब्रिटनमधे ते आडवं वापरतात, अमेरिकेतलं नेहमीचं पोस्टर म्हणजे वन शीट उभं असतं, २७ बाय ४१, नंतर २७ बाय ४०. आता गंमत बघा, आपल्याकडच्या हिंदी-मराठी सिनेमांची पोस्टरं साधारण याच ३० बाय ४० मापाची, फक्त उभी. इंग्रजांच्या छापखान्यांचा कागद तिकडे राहिला आणि आपल्या पेंटरांनी तो उभा केला. तुमच्या बाबांनी कॅम्पात थिएटरबाहेर जे पाहिलं असेल आणि तुमच्या हातात जे आहे ते जवळपास एकाच मापाच्या कागदावरचं, मला हे लिहितानाही छान वाटतंय. तर, दुकानात मिळणारी नवी प्रिंट बहुतेक ६१ बाय ९१.५ सेंटिमीटर किंवा ए-वन मापाची असतात, ती लगेच ओळखू येतात. जी फसवण्यासाठी केलेली असतात ती ३० बाय ४० च्या जवळ असतात पण बऱ्याचदा अर्धा-पाऊण इंच इकडे तिकडे. पण खरं पोस्टरसुद्धा लहान भरू शकतं कारण कोणीतरी फ्रेममधे बसवायला कडा कातरलेल्या असतात, त्याची किंमत खूप कमी होते, आणि कातरलेल्या पोस्टरची खालची पट्टी गेली की ओळखायची निम्मी साधनं गेली.

खालच्या पट्टीत बघायचं काय तर छापणाऱ्याचं नाव आणि इंग्लंडमधे छापल्याची ओळ, ब्रॅडफर्डचे डब्ल्यू. ई. बेरी, नॉटिंगहॅमचे स्टॅफर्ड अशी नावं त्या काळच्या ब्रिटिश पोस्टरांवर दिसतात. नाव आहे म्हणून पोस्टर खरं असं अजिबात नाही, नक्कल करणारा नावाचीही नक्कल करतो, पण नक्कल केलेली ती बारीक अक्षरं भिंगाखाली फुगलेली, चिकटलेली दिसतात. दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या, सोनार वापरतात तसं, दहा-पंधरा पौंडांना मिळतं. चित्राच्या भागात रंगांचे ठिपके ठरावीक रचनेत दिसले तर ठीक, ऑफसेट छपाईत ते असतातच. अक्षरांकडे बघा. त्या काळच्या खऱ्या पोस्टरवर काळं अक्षर बहुतेक सलग काळं असतं, कडा स्वच्छ. स्कॅन करून छापलेल्यात अक्षरसुद्धा ठिपक्यांचंच बनलेलं असतं कारण मशीनला अक्षर आणि चित्र यातला फरक कळत नाही, त्याच्यासाठी सगळा एकच फोटो.

मग सेन्सॉरचं सर्टिफिकेट. बाँडचे सुरुवातीचे सिनेमे इथे 'ए' सर्टिफिकेटचे आहेत, आपल्याकडच्या 'ए'सारखं फक्त प्रौढांसाठी नव्हे, इथे तेव्हा त्याचा अर्थ साधारण मोठ्यांबरोबर मुलांनी बघायला चालेल असा होता. नोव्हेंबर १९८२ मधे ही पद्धत बदलली आणि पीजी, १५, १८ आले. म्हणून साठच्या दशकातल्या सिनेमाच्या पोस्टरवर पीजी दिसलं तर ते ८२ च्या नंतरचं, कोणी कितीही शपथा घेतल्या तरी. उलटं मात्र चालत नाही, 'ए' आहे म्हणजे पहिल्याच रिलीजचं आहे असं होत नाही, कारण हे सिनेमे साठ-सत्तरच्या दशकात पुन्हा पुन्हा लागायचे, बरेचदा दोन-दोन एका तिकिटात, आणि त्या डबल बिलांची वेगळी क्वाड निघायची, त्यांच्यावरही 'ए'च.

नोटा तपासायचा निळा दिवा असतो ना, बाजारात दुकानदार वापरतात तो, त्याच्याखाली नवा कागद निळसर पांढरा झगझगतो कारण त्यात उजळपणा आणणारी रसायनं असतात. काही लोक यालाच अंतिम परीक्षा मानतात, मी मानत नाही, कारण ही रसायनं पन्नासच्या दशकापासूनच कागदात यायला लागली होती. दिवा घ्या, पण निकाल दिव्यावर देऊ नका.

मी एवढं खालच्या पट्टीचं का लावून धरलंय ते सांगते. मी ब्रिटनमधे गोळा करायला लागले तेव्हा 'फ्रॉम रशिया विथ लव्ह'चं क्वाड, १९६३ चं, रेनाटो फ्रातिनीने रंगवलेलं, हे माझं स्वप्न होतं. फ्रातिनी इटलीचा, लंडनला येऊन राहिला आणि पोस्टरं काढायला लागला, त्याचा ब्रशचा फटकारा असा की कपड्याच्या चुणीतसुद्धा घाई दिसते. एका विक्रेत्याकडे ते मिळालं, कापडावर चढवलेलं, घड्या दिसत नाहीत, रंग कालच छापल्यासारखे. मी जवळजवळ एका महिन्याचं घरभाडं दिलं. दोन वर्षांनी एका कागद-दुरुस्ती करणाऱ्या बाईंकडे वेगळ्याच कामाला गेले होते तेव्हा त्यांनी ते दिव्याखाली धरलं आणि काही न बोलता मला बोलावलं. उजवा खालचा कोपरा, छापखान्याच्या नावासकट, रंगीत फोटोकॉपी करून बसवलेला होता आणि वरचा बराच भाग हाताने रंगवलेला. मूळ कागद होता, खोटं पोस्टर नव्हतं, पण त्यातलं किती मूळ आणि किती नंतरचं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मला त्याचं आजही वाईट वाटतं, पैशापेक्षा जास्त यासाठी की दोन वर्षं मी ज्या कोपऱ्याकडे प्रेमाने बघत होते तो फ्रातिनीचा नव्हताच.

तेव्हापासून मी भोक असलेलं, घड्या फाटलेलं, कडेला पेनने थिएटरचं नाव किंवा तारीख लिहिलेलं पोस्टर घेते, आणि अतिस्वच्छ पोस्टरसमोर दोनदा थांबते. कापडावर चढवणं म्हणजे लिनन बॅकिंग वाईट आहे असं मी म्हणत नाहीये हं, नीट केलं तर ते उत्तम काम असतं, मधे जपानी कागद, गव्हाच्या स्टार्चची खळ, म्हणजे आपण भिंतीवर पोस्टर चिकटवायला लावतो त्याच जातीची फक्त शुद्ध, आणि पाण्याने पुन्हा सुटू शकते. फक्त विचारायचं की चढवण्याआधीचा फोटो आहे का. असला तर बिनधास्त बघा.

आता तुमचं पोस्टर.

सेलोटेप काढू नका. हेअर ड्रायर नको, लायटरचं पेट्रोल नको, इंटरनेटवरचा कुठलाही उपाय नको. हे मी करून बसलेय. 'थंडरबॉल'च्या डबल बिलच्या क्वाडवर मागे एक पट्टी होती, मी ड्रायरने गरम करून ओढली, डिंक वितळून कागदात शिरला आणि पुढच्या बाजूला शीर्षकातल्या एका अक्षरावर तेलकट डाग उमटला, तो आता जन्माचा आहे. जुन्या टेपचा डिंक पिवळा पडतो, मग कागदात मुरतो, आणि तो कुठल्या टप्प्यावर आहे त्यावर कुठला द्राव लावायचा ते ठरतं, हे शिकलेल्या माणसाचं काम आहे. ब्रिटनमधे आयकॉन म्हणून कॉन्झर्वेटर लोकांची संस्था आहे, त्यांचं कॉन्झर्वेशन रजिस्टर आहे, त्यात पेपर कॉन्झर्वेटर शोधा, तुमच्या आसपास नक्की सापडतील. दोघांकडून अंदाज घ्या. त्यांना स्पष्ट सांगा की टेप काढा, त्याचा डिंक काढा, फाटलेल्या घड्या मागून जपानी कागदाने सांधा, पण रंगवू नका. घड्या अगदीच सुटत असतील तरच बॅकिंगचा विचार करा.

आणि लॅमिनेशन तर नाहीच नाही. लॅमिनेशन किंवा गरम प्रेसने फोमबोर्डावर चिकटवणं म्हणजे पोस्टर संपवणं, ते परत सोडवता येत नाही. आपल्याकडे दहावीची मार्कशीट लॅमिनेट करायची सवय आहे, जे मोलाचं ते प्लास्टिकात घालायचं, त्यामागचं प्रेम मला कळतं, पण इथे नको. दुरुस्तीला जाईपर्यंत घडी उघडी करून, सपाट, स्वच्छ पुठ्ठ्यावर, वरून ॲसिड-फ्री कागद घालून पलंगाखाली ठेवा. लॉफ्टमधे ठेवू नका. इंग्लंडच्या लॉफ्टमधे उन्हाळ्यात भट्टी आणि हिवाळ्यात ओल, बरीच पोस्टरं तिथेच खराब झालेली मिळतात. उघडताना हात धुऊन पूर्ण कोरडे करा, मोठ्या टेबलावर उघडा, गादीवर नाही, गादी दबली की घडी चिरते.

तुमचं पोस्टर खरं आहे का हे मी न बघता सांगणार नाही, पण तुम्ही जे लिहिलंय त्यात मला काही खटकलं नाही. घड्या आहेत, मागे जुने टेप आहेत, किंमत त्या अवस्थेला शोभणारी आहे. मापं घ्या, भिंग लावा, लंडनला साउथ बँकवर बीएफआयची, म्हणजे ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटची, रूबेन लायब्ररी आहे तिथे जाऊन सिनेमाच्या पोस्टरांची पुस्तकं काढून शेजारी तुमचा फोटो ठेवून बघा, शनिवार मजेत जाईल.

आणि तुमच्याकडे काय आहे ते कळू दे. या सिनेमाची १९६७ मधे वेगवेगळी चित्रं निघाली, एकात ती छोटी गायरोकॉप्टर, लिटल नेली, एकात जपानी स्नानगृह, आणि एकात ज्वालामुखीचा अड्डा. रॉबर्ट मॅकगिनिस आणि फ्रँक मॅककार्थी या दोन अमेरिकन चित्रकारांनी बाँडच्या त्या काळातल्या पोस्टरांचं काम वाटून घेतलं होतं, मॅकगिनिसची माणसं आणि विशेषतः बायका, मॅककार्थीचे स्फोट, मारामाऱ्या, धावपळ. मॅकगिनिस २०२५ च्या मार्चमधे गेले, ९९ वर्षांचे होऊन. आणि बाबांचा तो ज्वालामुखी, त्याचा सेट केन ॲडमने डिझाइन केला होता आणि तो जपानमधे नव्हता, पाइनवूड स्टुडिओच्या आवारात उभा केला होता, आयव्हर हीथला. रेडिंगहून गाडीने तासाच्या आत! त्या एका सेटला साधारण दहा लाख डॉलर लागले, म्हणजे पाच वर्षांपूर्वी अख्खा 'डॉक्टर नो' जेवढ्यात झाला होता तेवढे. बाबा ज्याचे हातवारे करून दाखवत होते ते सरकणारं छप्पर तुम्ही राहता त्या टापूतच कधीतरी उभं होतं. आता तिथे तो सेट नाही, पण मला वाटलं तुम्हाला हे कळायला हवं.

वहिनींचं.

त्यांना इन्व्हेस्टमेंट म्हणू नका, कारण ते खरं नाही आणि त्यांनी पावती मागून तुम्हाला बरोबर जागी पकडलंय. साधं गणित मांडा. लिलावात हातोडा १,००० पौंडांवर पडला तर त्यावर खरेदीदाराचा प्रीमियम साधारण २५ टक्के, त्या प्रीमियमवर २० टक्के व्हॅट, म्हणजे तुमचे १,३०० गेले. उद्या तेच पोस्टर पुन्हा १,००० ला विकलं आणि विक्रीचं कमिशन १५ टक्के धरलं तर ८५० च्या आत हातात येतात. म्हणजे फक्त बरोबरीत यायला किंमत निम्म्याहून जास्त वाढायला हवी, फ्रेम आणि दुरुस्ती धरलीच नाही. पहिला बाँड झालेल्या शॉन कॉनरीच्या पहिल्या पाच बाँड सिनेमांची पोस्टरं महाग आहेत हे खरंय, पण ज्यांनी ती थिएटरबाहेर लहानपणी पाहिली ती पिढी आता सत्तर-ऐंशीत आहे, पुढची पिढी तेवढेच पैसे देईल का हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही आणि सांगणाऱ्यावर तुम्हीही विश्वास ठेवू नका. एक बारीक गोष्ट कामाची, इथे घरगुती वस्तू ६,००० पौंडांपर्यंत विकली तर त्यावर कॅपिटल गेन्स टॅक्स नसतो, तेव्हा त्याची काळजी नको.

मला विचाराल तर वहिनींना जे पत्रात मला लिहिलंत तेच सांगा. लाइट गेल्यावरची गोष्ट. तुम्ही मला दोन ओळींत ते सांगितलंत आणि बायकोला इन्व्हेस्टमेंट म्हणालात, हे मला वाचताना लागलं. बाप गेल्यावर माणूस काहीतरी धरायला बघतो, कोणी घड्याळ घालतं, कोणी त्यांचं स्वेटर ठेवतं, तुम्ही पोस्टर घेतलंत. यात लपवण्यासारखं काय आहे? पण त्याचबरोबर ३८० पौंड न विचारता खर्च झाले हेही कबूल करा, नुसती बाबांची आठवण पुढे करून त्यांचं तोंड बंद करू नका, ते बरोबर होणार नाही. पुढचं ठरवा दोघांनी मिळून, वर्षाला एक रक्कम, तिच्यात जे बसेल ते. आणि त्या फेअरवाल्याचं कार्ड असेल तर मेल टाकून पावती मागा, त्यावर सिनेमाचं नाव, साल, ओरिजिनल क्वाड असल्याचा उल्लेख आणि अवस्था लिहून द्यायला सांगा. चांगला विक्रेता देतो. ती पावती घराच्या इन्शुरन्सलाही लागेल, पॉलिसीत एका वस्तूची मर्यादा किती ते बघून घ्या.

वर्षाच्या रकमेत काय घेता येईल? 'डॉक्टर नो' नाही, ते मनातून काढून टाका निदान काही वर्षं. डबल बिलांची क्वाड बघा, त्यात त्याच काळातला कागद, त्याच काळातली चित्रं, आणि पहिल्या रिलीजच्या मानाने भाव बराच खाली. नंतर बाँड झालेल्या रॉजर मूरच्या सिनेमांची घ्या, 'लिव्ह अँड लेट डाय' १९७३ चा आणि 'गोल्डन गन'वाला ७४ चा, दोन्हींवर मॅकगिनिसचंच काम आहे आणि मला ती कॉनरीच्या पोस्टरांइतकीच आवडतात, लोक उगाच नाकं मुरडतात. थिएटरच्या दाराशी काचेत लावायचे ८ बाय १० इंची फोटो, फ्रंट ऑफ हाउस म्हणतात त्यांना, आठांचा संच असतो, सुटे सुटे स्वस्तात मिळतात आणि हात बसवायला उत्तम. आणि १९८३ चा 'ऑक्टोपसी', उदयपूरला शूट झालेला, कबीर बेदी आणि विजय अमृतराज असलेला, त्याचं पोस्टर घरात एक असायला काय हरकत आहे, वहिनींना तो सिनेमा दाखवून मग विचारा. जे घ्याल ते हातात घेऊन घ्या, निदान पहिली दहा तरी. फेअरमधे उघडून बघू का विचारा, मागची बाजू बघा, वास घ्या, घडीवर बोट फिरवा. शंभर खरी हाताखालून गेली की एकशेएकावं खोटं हाताला आपोआप कळतं, ते मला पत्रात शिकवता येत नाही.

फ्रेमचं शेवटचं. ३० बाय ४० म्हणजे चांगलंच मोठं प्रकरण आहे, काच लावली तर जड होतं, त्यापेक्षा यूव्ही अडवणारं ॲक्रिलिक घ्या, पोस्टर त्याला टेकता कामा नये, मधे ॲसिड-फ्री माउंटची जाडी हवी, आणि मागे जपानी कागदाच्या छोट्या पट्ट्यांवर लटकवायचं, कुठे चिकटवायचं नाही. बे विंडोसमोर लावू नका. ऊन पडलं की आधी लाल आणि पिवळा उडतात, निळा मागे राहतो, आणि तुमच्या ज्वालामुखीत तर सगळा जीव त्या लाल-पिवळ्यात आहे. तुमच्या घरात जिना असेल तर जिन्याच्या वळणावरची भिंत बघा, तिथे सहसा ऊन येत नाही. आणि फ्रेमवाला म्हणेल की घड्या दाबून सपाट करून देतो, दिसणारच नाहीत. त्याला नको म्हणा, तशाच राहू द्या.